फर्गस गोड मागवतो तेव्हा

नवऱ्याने आपणहून "चल, शनिवार-रविवार जोडून लिस्बनला जाऊन येऊ" म्हटलं असतं, तर हेगमधल्या दुसऱ्या कुठल्याही बाईने हातातलं काम टाकून आधी कपड्यांचं कपाट उघडलं असतं. कर्स्टी मिल्न बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि विचारलं, "का?"

"का म्हणजे? जूनमध्ये तिथे सेंट अँथनीची जत्रा असते. रस्तोरस्ती गाणी, भाजलेले मासे, वाइन. दोन दिवस मजा करू."

"आत्ताच कशाला?"

"जत्रा आत्ताच असते, बाई," फर्गस म्हणाला आणि फ्रिजमध्ये डोकं घालून काहीतरी शोधू लागला. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. सकाळीच तो रिकामा करून पुसून ठेवला होता, हे तिला माहीत होतं.

फर्गस तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. समुद्राच्या तळाला भोकं पाडणं हे त्याचं काम, आणि तेल जिथे लागेल तिथे त्याची बदली. दोघं मूळची अॅबर्डीनकडची. तिथून निघाल्यावर त्यांचं बिऱ्हाड पाच वेळा हललं, आणि पाचही वेळा ते कसं हललं याची एक ठरलेली रीत होती. कंपनीने बदली करायची, फर्गसने ती घ्यायची, आणि बायकोला सांगायची वेळ आली की तिला एखाद्या झकास शहरात फिरायला न्यायचं. नॉर्वेतल्या स्टावांगरची बातमी तिला पॅरिसमध्ये कळली. बाकूची कोपनहेगनमध्ये. ऑस्ट्रेलियातल्या पर्थची इस्तंबूलमध्ये, ह्यूस्टनची मेलबर्नमध्ये आणि इथली, हेगची, न्यू ऑर्लिन्समध्ये. लोक या शहरांचे फोटो काढून भिंतीवर लावतात. कर्स्टीला पॅरिस म्हटलं की स्टावांगरचा आडवा पाऊस आठवायचा, आणि इस्तंबूल म्हटलं की पर्थमधलं माश्यांनी भरलेलं अंगण.

रीत इथेच संपत नसे. हॉटेल जरा महागातलं असायचं. दिवसभर फर्गस हसतखेळत चालायचा, तिचं जाकीट धरायचा, तिला रस्त्याच्या आतल्या बाजूला घ्यायचा. मग जेवण व्हायचं आणि तो काहीतरी गोड मागवायचा. आता हा माणूस असा, की स्वतःच्या वाढदिवसाचा केकसुद्धा ताटलीत तसाच ठेवून उठतो. पण बदलीच्या दिवशी तो गोड मागवणार, दोन चमचे खाणार, ताटली तिच्याकडे सरकवणार आणि म्हणणार, "ऐक ना. ऑफिसात एक बोलणं झालंय."

यावर कर्स्टी म्हणायची, "बरं."

अख्खा जन्म तिने त्या एका शब्दावर काढला असं म्हटलं तर ती चिडेल, पण ते फारसं खोटं नाही. लग्नाआधीपासून ती अॅबर्डीनच्या प्राथमिक शाळेत शिकवत होती. मुलं तिला घाबरत आणि शाळा सुटल्यावर तिच्याच मागे लागत. स्टावांगरसाठी तिने ती नोकरी सोडली. वर्षभराने परत येऊ, असं तेव्हा बोलणं होतं. पुढे मुलीचं, आयल्साचं, बाकूत शाळेचं जमणार नव्हतं, म्हणून अकराव्या वर्षी तिला स्कॉटलंडच्या वसतिगृहात ठेवलं. कोपनहेगनमध्ये फर्गसने तेही त्याच गोडाबरोबर सांगून टाकलं. कर्स्टी बरं म्हणाली, हॉटेलच्या बाथरूममध्ये गेली आणि नळ पूर्ण सोडून बराच वेळ उभी राहिली. आयल्सा आता तिशीची आहे, ग्लासगोत चांगली रमलीय, आईला दर रविवारी फोन करते. तरी त्या संध्याकाळबद्दल कर्स्टीने स्वतःला कधी माफ केलेलं नाही.

कंपनीतल्या बायकांत मात्र तिचं मोठं नाव. नव्याने देश सोडून आलेल्या मुली तिच्याकडे सल्ला मागायला यायच्या. कुठल्या देशात कुठली प्लगची पिन लागते, पडदे नेण्यात अर्थ असतो का, कुत्र्याला विमानात बसवायचं कसं, सगळं तिला तोंडपाठ. "खोकी उघडताना आधी किटली आणि चादरी काढा," ती सांगायची, "बाकीचं घर आपोआप मागून येतं." तिच्या स्वतःच्या घरी पाहुणे आले की त्यांना एक गोष्ट खटकायची. आरसे, तसबिरी सगळ्या जमिनीवर भिंतीला टेकून उभ्या असायच्या. खिळे ठोकायचेच नाहीत, हे तिने केव्हातरी ठरवून टाकलं होतं.

हेगला आल्यावर एक गोष्ट वेगळी झाली. शहराबाहेर लोकांना भाजी लावायला जमिनीचे छोटे तुकडे मिळतात. त्यासाठी नंबर लावावा लागतो, आणि तो लागायला वर्षं जातात. आल्या आल्या कर्स्टीने गंमत म्हणून नाव देऊन ठेवलं, कारण नंबर येईपर्यंत आपण इथे नसणारच याची तिला खात्री होती. पण या वेळी बदली लांबली आणि नंबर आला. शेजारच्या तुकड्यात टिनेका नावाची एक सत्तरीतली डच बाई राबायची. तोंडाची फटकळ. गेल्या वर्षी मार्चमध्ये कर्स्टी तिथे खोल चर खणून अॅस्परॅगसची मुळं लावत होती. शतावरीच्या जातीची ही भाजी मोठी हट्टी. पहिली दोन वर्षं तिला हात लावायचा नसतो, तिसऱ्या वसंतात पहिली कापणी. टिनेका कुंपणावर कोपरं टेकून म्हणाली, "अॅस्परॅगस लावतेस? म्हणजे इथेच राहणार म्हणायची."

"हो," कर्स्टी म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण हे कुणालाही विचारून म्हटलेलं नाही, आणि ते खरं आहे. इथून पुढे बदली आली तर नाही म्हणायचं, हे तिने तिथेच, चिखलाचे हात तसेच ठेवून ठरवलं. नंतर वर्षभर मळ्यात जाता-येता सायकलवर ती तो शब्द म्हणून बघायची. सायकलवर तो छान यायचा.

म्हणून लिस्बनचं नाव निघालं तेव्हा तिने सुरी खाली ठेवली होती. तिला बदलीची धास्ती नव्हती. फर्गसने ताटली पुढे सरकवली की आपल्या तोंडून सवयीने "बरं" हेच निघेल, याची धास्ती होती.

शुक्रवारी सकाळी ती दोघं निघाली. विमानात फर्गसने तिला खिडकी दिली. हॉटेल महागातलं निघालं. खोलीतून नदी दिसत होती. तिने नदीकडे पाहिलं आणि मनात म्हणाली, एक झालं.

दुपारी खालच्या पेठेत एका खानावळीत ती दोघं जेवायला बसली. चार टेबलं, भिंतीवर फुटबॉलच्या संघाचा फोटो, मालक स्वतःच वाढत होता. फर्गस फार बोलत होता. इथले चढ किती, ट्राम किती जुन्या, माणसं किती मोकळी. कर्स्टी माशाचे काटे काढत होती, आणि काढून झाले तरी काढतच होती. मालकाने ताटं उचलली.

"दोन कॉफी," फर्गस म्हणाला. मग जरा थांबून, मेनूकडे न बघता, "आणि एक पास्तेल."

लिस्बनमध्ये अंड्याच्या गोड सारणाची ही मैद्याची वाटी पावला-पावलाला मिळते. तिथे ती न खाणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतील. पण कर्स्टीने मांडीवरचा रुमाल टेबलावर ठेवला. पास्तेल आलं. फर्गसने त्यावर दालचिनी भुरभुरली, एक लहानसा तुकडा तोडला.

"ऐक ना," तो म्हणाला.

"मला चर्च बघायचंय," कर्स्टी उठत म्हणाली.

"तुला? चर्च?"

"वरचं. मोठं आहे ना ते. नंतर बंद होतं."

"अगं, लग्नानंतर तू चर्चमध्ये गेली नाहीस."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. फर्गसला पैसे देऊन मागोमाग यावंच लागलं.

चर्च पाहिलं. मग ट्राम. मग चढावरचा एक सज्जा, जिथून लाल कौलं आणि नदी दिसते आणि सगळं जग एकमेकांचे फोटो काढतं. तिथल्या टपरीवर फर्गसने परत कॉफी घेतली आणि बरोबर परत पास्तेल. त्याची नजर तिच्यावरून नदीकडे आणि नदीवरून तिच्याकडे अशी सारखी जा-ये करत होती. त्याने बशी खाली ठेवायच्या आत कर्स्टीने ती ओढली आणि अख्खं पास्तेल दोन घासांत गिळलं. सारण आतून कढत होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"हळू," फर्गस म्हणाला. "मागव की दुसरं."

"नको. मला पडायचंय जरा. पाय दुखतायत."

ती त्याला टाळतेय हे एव्हाना त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण हॉटेलपर्यंत तो तिच्या दोन पावलं मागे चालला. एरवी तो तसा कधी चालत नाही.

खोलीत आल्यावर तो आंघोळीला गेला. कर्स्टी पलंगावर बूट न काढताच आडवी झाली, आणि तिचा फोन वाजला. हॉलंडचा नंबर होता.

"मिसेस मिल्न? सामानाच्या कंपनीतून बोलतेय," एक कोवळा आवाज म्हणाला. "मिस्टर मिल्न फोन उचलत नाहीत, म्हणून तुम्हाला लावला. तुमचा नंबर मागच्या वेळचा आमच्याकडे होता. मंगळवारी आमचा माणूस सामान बघायला येतोय. सकाळी दहाला चालेल ना?"

आलंच, कर्स्टीने मनात म्हटलं. उठून बसली. असल्या पोरींशी बोलायची तिला इतकी सवय की पुढचा प्रश्न तोंडातून आपोआप निघाला. "कंटेनर कुठला, वीस फुटी की चाळीस?"

"कंटेनर नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"फक्त विमानाने जाणारं सामान. कपडे, पुस्तकं, ऑफिसचं काही. घरातलं बाकी जागच्या जागी राहणार असं सांगितलंय." मुलगी जरा अडखळली. "गयानाला विमानाने लवकर पोचतं. तुम्हाला... मिस्टर मिल्नशी बोलून मग फोन करू का?"

"नको, नको. माहीत आहे मला," कर्स्टी म्हणाली. पोरीचा आवाज घाबरल्यासारखा वाटला, म्हणून तिने तिला तिथल्या तिथे सावरून घेतलं. "दहा वाजता चालेल."

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. बदली करणाऱ्या घरात वाढलेल्या कुत्र्यालाही हे कळतं. कुटुंब निघालं की जहाजाने कंटेनर जातो. पलंग, भांडी, सायकली, इस्त्रीचं टेबल, सगळं. माणूस एकटा निघाला की विमानाने चार खोकी जातात. चार खोकी जाणार होती.

म्हणजे तिला जायचंच नव्हतं. घर राहणार, मळा राहणार, टिनेका राहणार. वर्षभर घोकलेला शब्द उच्चारण्याची गरज न पडता तिला हवं ते सगळं मिळालं होतं. मग तिला आनंद व्हायला हवा होता, आणि आनंदाऐवजी तिला असं वाटलं की आपल्याला वर्गाबाहेर उभं केलंय. तिच्या ओळखीतले दोन जण असेच एकटे गेले होते. एक लुआंडाला, एक अतिरावला, दोन्ही तेलाचीच गावं. बायकांनी फोनवर महिनोन् महिने सांगितलं की दोनच वर्षांचा प्रश्न आहे. दोघांचीही नंतर दोन घरं झाली. एकीने कर्स्टीच्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलं होतं, की ज्या दिवशी कंटेनर मागवला नाही त्याच दिवशी मला कळायला हवं होतं.

आतमध्ये पाण्याचा आवाज थांबला. फर्गस टॉवेल गुंडाळून बाहेर आला, साठीला टेकलेला, गुलाबी पडलेला, पाठीवर फेस तसाच. "कुणाचा फोन होता?"

"कुणाचा नाही," ती म्हणाली. आता टाळाटाळ तिची नव्हती. आता तिला बघायचं होतं, की हा माणूस तोंडाने हे सांगतो तरी कसं.

आल्फामा हा जुना भाग. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या दोन घरांत हात लांबवून मीठ मागता यावं. त्या संध्याकाळी सगळं शहर त्या गल्ल्यांत घुसलं होतं. अजून लख्ख उजेड होता, तरी वर कागदाच्या माळांमध्ये दिवे लागले होते. दारोदारी शेगड्या, शेगड्यांवर तारल्या भाजत होत्या, धुराने डोळे चुरचुरत होते आणि प्रत्येक खिडकीतून वेगळं गाणं येत होतं. जिकडेतिकडे तुळशीसारख्या बेसिलच्या लहान कुंड्या विकायला मांडलेल्या. या दिवशी पुरुषाने आपल्या बाईला ती द्यायची असते. फर्गसने एक घेतली आणि नाक खुपसून वास घेतला. विकणाऱ्या म्हातारीने त्याच्या हातावर चापट मारली. नाक लावायचं नसतं, रोपाला तळवा लावायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा, हे तिने करून दाखवलं. लोक हसले. फर्गसही हसला. कर्स्टीला कुंडी देताना मात्र तो हसत नव्हता.

"मला काहीतरी सांगायचंय तुला."

"सांग ना."

"इथे नको. जरा बसू कुठेतरी. काहीतरी गोड..."

"इथेच सांग."

त्याने तोंड उघडलं आणि वरच्या बाजूने ढोल-ताशांचं एक पथक गल्लीत उतरलं. मागे दोन-तीनशे माणसं, नाचत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. लोक भिंतीकडे सरकले, मग भिंतीकडेही जागा उरली नाही. फर्गसचे ओठ हलताना तिला दिसले. मग मध्ये एक लाल शर्ट आला, मग एक बाप पोरीला खांद्यावर घेऊन आला, आणि फर्गस दिसेनासा झाला. कर्स्टीला लोंढ्याने उचलल्यासारखं खाली नेलं. तिचे पाय पायऱ्यांवर नीट पडत नव्हते. कुंडी तिने छातीशी धरली होती. कुणाचं तरी कोपर बरगडीत बसलं आणि श्वास घेता येईना. पडलो तर इथे कुणाला कळणारही नाही, असा विचार तिच्या मनात अगदी स्वच्छ आला. तिने त्याच्या नावाने हाक मारली. स्वतःचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही.

एका दारापाशी शेगडीमागे जाडजूड बाई उभी होती. तिने कर्स्टीला दंडाला धरून गर्दीतून ओढलं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, हातात पावावर ठेवलेली तारली दिली आणि परत आपल्या निखाऱ्यांकडे वळली. कर्स्टी तशीच बसली. फोन लावला, लागेना. इतक्या माणसांत कुणाचाच लागत नव्हता.

बसल्या बसल्या तिला कळून चुकलं की हे असंच असणार आहे. त्याचा आवाज ऐकायचा म्हटलं तरी फोन लागणार नाही, जेवायला एका माणसाचं, आणि तो कुठे असेल याचा नुसता अंदाज. तिला हेगमध्ये राहायचं होतं, यात शंका नव्हती. पण राहायचं होतं म्हणजे हे हवं होतं का, हे तिला सांगता येईना. पावातून माशाचं तेल तिच्या मनगटावर ओघळलं तरी तिने ते पुसलं नाही.

बऱ्याच वेळाने फर्गस वरून आला. शर्ट घामाने भिजलेला, चेहरा पांढराफटक. तिला पाहून तो जागच्या जागी थांबला, आणि मग भिंतीला हात लावून उभा राहिला.

"मला वाटलं तू गेलीस," तो म्हणाला.

"कुठे?"

"घरी. काय माहीत. सकाळपासून तू अशी करतेयस, मला वाटलं, निघून गेली."

"मी कशाला जाऊ? जाणारा तू आहेस." तिने कुंडी पायाशी ठेवली. "गयानाला. एकटा."

शेगडीवरच्या बाईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मासे उलटायला घेतले. फर्गस खुर्चीशेजारी पायरीवर टेकला.

"कुणी सांगितलं?"

"सामानवाल्या पोरीने. मंगळवारी दहाला माणूस येतोय. कंटेनर नाही, फक्त विमानाचं सामान."

"तिला काय अक्कल..."

"तिला काही बोलू नकोस. तिने निदान फोन तरी केला."

"मी सकाळपासून सांगायला बघतोय. तू ऐकून घेतेस का? चर्च काय, ट्राम काय. माझं पास्तेलसुद्धा खाल्लंस."

"दुसरी कुणी आहे का?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "गयानात? मी अजून गेलोसुद्धा नाही, बाई."

"मग एकटा कशाला जातोयस, ते सांग."

फर्गसने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मोठ्या गोष्टी त्याला लवकर बोलता येत नाहीत. गोडाची ताटली मध्ये लागायची ती त्यासाठीच, आणि आज ती नव्हती.

"एप्रिलमध्ये मी तुला घ्यायला मळ्यात आलो होतो," तो म्हणाला. "तू मला पाहिलं नाहीस. चिखलात गुडघ्यांवर बसून त्या टिनेकाशी भांडत होतीस. डचमध्ये. बाकूत पाच वर्षं काढून तुला पाव मागता येत नव्हता, कर्स्टी, आणि इथे तू डचमध्ये भांडत होतीस. हसत होतीस मध्येच. मी फाटकातूनच मागे फिरलो. त्याच आठवड्यात साहेबाने गयाना काढलं. निवृत्तीआधीची शेवटची. मी म्हटलं, जातो, पण एकटा जातो."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर तू बरं म्हणाली असतीस."

"या वेळी नाही म्हणणार होते. वर्षभर ठरवून ठेवलं होतं."

"तू कधी नाही म्हणालीयस मला?"

"तू कधी विचारलंयस?"

खालच्या गल्लीतून पथक परत वर येत होतं, ढोल जवळ येत होते. कर्स्टीला इतका राग आला की हातातला पाव तिने शेगडीच्या कडेला ठेवून दिला.

"पॅरिसला सांगितलंस. कोपनहेगनला सांगितलंस. आयल्साची शाळासुद्धा सांगूनच टाकलीस, जेवणानंतर, जसं काही बिल आलंय. आताही सांगायलाच आणलंस. माझ्या भल्यासाठी केलंस, कळतंय मला ते, मी काही खुळी नाही. पण तेही परस्परच. मी जायचं तेही तू ठरवणार, मी राहायचं तेही तूच ठरवणार. मग मी आहे कशाला?"

फर्गसने मान खाली घातली. आयल्साचं नाव निघालं की तो नेहमी तसं करतो. या वेळी त्याने ती लवकर वर केली नाही.

"आता काय करू मी?" तो शेवटी म्हणाला. "सगळं होऊन बसलंय. सही झालीय."

"विचार."

"काय?"

"जे विचारायचं असतं ते."

तो काहीतरी पुटपुटला. ढोल अगदी तोंडावर आले होते.

"ऐकू आलं नाही."

"मी म्हटलं..."

"मोठ्याने विचार, फर्गस."

तो पायरीवरून उठला. माणसं पुढून वाहत होती, त्याला धक्के लागत होते, आणि तो त्या सगळ्यांच्या वर आवाज चढवून ओरडला, "तू माझ्याबरोबर येशील का? गयानाला?" आसपासच्या चार जणांनी वळून पाहिलं. एकाने टाळ्या वाजवल्या. त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, लग्नाचं विचारतोय.

बरं हा शब्द कर्स्टीच्या जिभेवर अगदी टोकापर्यंत आला. इतक्या वर्षांच्या सवयीने तो आपला आपण आला. समोर तो घामेजलेला, दमलेला माणूस उभा होता, ज्याच्यासाठी तिने पाच वेळा घर मोडलं होतं, आणि ज्याच्यावर आत्ता, या गोंगाटात, तिचा फार जीव होता. एक शब्द बोलली असती तर तो मंगळवारी त्या पोरीला सांगून कंटेनर मागवून टाकणार होता.

"नाही," ती म्हणाली.

सायकलवर म्हणताना तो शब्द हलका वाटायचा. आता तो म्हटल्यावर तिला खुर्चीचा हात धरावा लागला.

फर्गसने ऐकलं. दोन-तीनदा मान हलवली. स्वतःच मागून घेतलेली गोष्ट मिळाल्यावर माणसाला बरं वाटायला हवं, पण त्याचा चेहरा पडला, आणि तो पडताना पाहून कर्स्टीला कळलं की याला मनातून शेवटपर्यंत आशा होती. पथक पुढे गेलं. गल्लीत थोडी जागा झाली, तसा तो तिच्या जवळ आला.

"आली असतीस तर मला फार आवडलं असतं," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हे त्याने एकदाही म्हटलं नव्हतं, आणि म्हणायची वेळ तिनेही कधी येऊ दिली नव्हती. कर्स्टी त्याच्या ओल्या शर्टावर तोंड ठेवून रडली, मासे भाजणाऱ्या बाईसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. उत्तर मात्र तिने बदललं नाही.